आपल्या विधानसभा मतदारसंघाचा निवडणूक इतिहास कसा काढायचा : कसबा पेठेचं उदाहरण घेऊन

निवडणूक जवळ आली की पुण्यात कुठल्याही कट्ट्यावर एक जण तरी ठासून सांगतो की अमुक मतदारसंघ म्हणजे अमुक पक्षाचा बालेकिल्ला, तिथे दुसरं कुणी येऊच शकत नाही, आणि बाकीचे गप्प बसतात कारण कुणाच्याच हातात आकडे नसतात. मला मनापासून वाटतं की हे आकडे प्रत्येक मतदाराकडे असायला हवेत, निदान स्वतःच्या मतदारसंघाचे तरी. काढणं अवघड नाहीये. बहुतेक सगळं सरकारी आहे, फुकट आहे, उघडं पडलेलं आहे, फक्त कुठे बघायचं आणि कुठे फसायला होतं ते कळलं पाहिजे. उदाहरण म्हणून कसबा पेठ घेतो, मतदारसंघ क्रमांक २१५, कारण याच्यावर बोलतात सगळे आणि तपासतात फार थोडे. रीत मात्र तुमच्या हडपसरला, कोथरूडला किंवा पार जुन्नरला तीच.

आधी एक कोरी एक्सेल शीट उघडा आणि डावीकडे वर्षं लिहून काढा. महाराष्ट्र १ मे १९६० ला झाला, त्यामुळे आपल्या विधानसभेच्या निवडणुका १९६२, १९६७, १९७२, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९५, १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा चौदा. त्याच्या आधी १९५२ आणि १९५७ या दोन निवडणुका मुंबई राज्याच्या, त्या पण घ्या, पण वेगळ्या रंगात, कारण ती विधानसभाच वेगळी होती. प्रत्येक दोन वर्षांच्या मध्ये एक रिकामी ओळ सोडा, ती कशाला ते पुढे सांगतो. आणि हे झालं की आकड्यांना हात लावू नका, कारण पहिलं काम आकड्यांचं नाहीये, नकाशाचं आहे.

बहुतेक लोक इथेच घसरतात. कसबा पेठ हे नाव जुनंच आहे म्हणून मतदारसंघ पण जुनाच, असं धरून चालतात. मतदारसंघाच्या हद्दी मधूनमधून बदलतात, त्याला परिसीमन किंवा साध्या भाषेत पुनर्रचना म्हणतात, आणि हद्द बदलली की नाव तेच राहिलं तरी आतले मतदार बदलतात. महाराष्ट्रात १९६२ ला विधानसभेच्या जागा २६४ होत्या, १९६७ आणि १९७२ ला २७०, आणि १९७८ पासून आजपर्यंत २८८. जागा वाढल्या म्हणजे रेषा नव्याने मारल्या गेल्या हे उघड आहे. १९७१ च्या जनगणनेवर जो नकाशा झाला तो १९७८ पासून २००४ पर्यंत, म्हणजे तब्बल सात निवडणुका चालला. मग २००१ च्या जनगणनेवर २००८ चा आदेश आला आणि २००९ पासून आज आपण जे मतदारसंघ म्हणतो ते सुरू झाले. म्हणजे तुमच्या शीटमध्ये पहिला रकाना पक्षाचा नाही, विजेत्याचाही नाही, तर कुठला नकाशा याचा पाहिजे आणि दोन नकाशांच्या मध्ये जाड रेघ पाहिजे. त्या रेघेच्या अलीकडचा आणि पलीकडचा आकडा सरळ शेजारी ठेवून तुलना करायची नाही.

पुण्यापुरतं बघा म्हणजे पटेल. शुक्रवार पेठ नावाचा मतदारसंघ होता, १९५७ ला एस. एम. जोशी तिथून निवडून आले, पुढे जनसंघाचे रामभाऊ म्हाळगी तिथून आमदार झाले, आणि १९७८ च्या नकाशात शुक्रवार पेठ हा मतदारसंघच नाही. पेठ आहे जागच्या जागी, मंडई आहे, मतदारसंघ मात्र गेला. तसंच बोपोडी आणि भवानी पेठ, हे दोन्ही २००४ पर्यंत होते, २००९ पासून नाहीत. मुळशी गेला, हवेली गेला. उलट कोथरूड, खडकवासला, वडगाव शेरी, चिंचवड, भोसरी ही नावं आज इतकी अंगवळणी पडलीत की कुणाला वाटेल कायमचीच आहेत, पण हा सगळा २००८ च्या पुनर्रचनेचा नकाशा. त्यामुळे कुणी म्हणालं की कोथरूडचा १९९० चा निकाल काय होता, तर योग्य प्रश्न हा आहे की १९९० ला कोथरूडचा हा भाग कुठल्या मतदारसंघात होता.

आरक्षण पण याच टप्प्यावर तपासा. पर्वती २००४ पर्यंत अनुसूचित जातींसाठी राखीव होता आणि पुणे कॅन्टोन्मेंट खुला, २००९ पासून उलटं झालं, पर्वती खुला आणि कॅन्टोन्मेंट राखीव. म्हणून काँग्रेसचे रमेश बागवे २००४ ला पर्वतीतून जिंकलेले दिसतात आणि २००९ ला कॅन्टोन्मेंटमधून, आणि भाजपचे दिलीप कांबळे १९९५ ला पर्वतीत तर २०१४ ला कॅन्टोन्मेंटमध्ये. ज्याला आरक्षणाची अदलाबदल माहीत नाही तो म्हणेल की नेत्यांनी मतदारसंघ बदलला, पण ते नेते गेले कारण त्यांना लढता येणारी जागाच तिकडे सरकली. माधुरी मिसाळ २००९ पासून २०२४ पर्यंत सलग चार वेळा पर्वतीतून आल्या, हा इतिहास खरा आहे पण तो २००९ नंतरच्या पर्वतीचा आहे, आधीच्या पर्वतीशी तो जोडायचा तर सांभाळून.

हद्दी कुठे मिळतात? परिसीमन आयोगाचे आदेश निवडणूक आयोगाच्या साइटवर पीडीएफमध्ये आहेत, त्यात प्रत्येक मतदारसंघात काय काय येतं ते लिहिलेलं असतं. ग्रामीण भागात सोपं जातं कारण तिथे तालुका, महसूल मंडळ, सजा अशी नावं असतात. शहरात मात्र महापालिकेच्या वॉर्डांचे नंबर असतात, आणि ते नंबर त्या जनगणनेच्या वेळचे. आजचा तुमचा प्रभाग नंबर तिथे शोधलात तर सगळं चुकणार, कारण पुणे महापालिकेने प्रभाग वारंवार बदललेत, २०१२ ला दोन नगरसेवकांचा प्रभाग होता आणि २०१७ ला चारचा. त्यासाठी खात्रीचा उपाय म्हणजे मतदार यादी. यादीच्या प्रत्येक भागाच्या पहिल्या पानावर त्या भागात कुठल्या गल्ल्या, कुठले वाडे, कुठल्या सोसायट्या येतात आणि मतदान केंद्र कुठल्या शाळेत आहे हे छापलेलं असतं. ती पहिली पानं डाउनलोड करून एका फोल्डरमध्ये ठेवली की तुमचा मतदारसंघ गल्लीपर्यंत स्पष्ट होतो.

१९५२ आणि १९५७ साठी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. तेव्हा काही मतदारसंघ द्विसदस्य होते, म्हणजे एकाच मतदारसंघातून दोन आमदार आणि मतदाराला दोन मतं. तिथे झालेली मतं मतदारांपेक्षा जास्त दिसू शकतात आणि टक्केवारी विचित्र येते. ही पद्धत १९६१ च्या कायद्याने बंद झाली. त्या काळाचं फार खोलात जायची गरज नाही, फक्त द्विसदस्य असेल तर तशी नोंद करा आणि पुढे चला.

आता आकडे. निवडणूक आयोग प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीनंतर सांख्यिकी अहवाल काढतो, १९५२ पासूनचे सगळे साइटवर आहेत, महाराष्ट्र आणि वर्ष निवडून उतरवून घ्या. त्यात प्रत्येक मतदारसंघाचं एकूण मतदार, झालेलं मतदान, प्रत्येक उमेदवाराची मतं आणि पक्ष मिळतो. जुन्या अहवालांत पुण्याचं नाव इंग्रजीत पूना असं आहे, कॅन्टोन्मेंट शोधताना पुणे टाकून काही सापडलं नाही तर घाबरू नका, पूना टाका. मतदारसंघाचा क्रमांक पण नकाशागणिक बदलतो, म्हणून २१५ शोधत १९८५ च्या अहवालात गेलात तर भलताच मतदारसंघ निघेल, नावानेच शोधा.

शीटमध्ये विजेता आणि दुसरा एवढंच लिहून थांबू नका. माझं ठाम मत आहे की तिसऱ्या उमेदवाराचा रकाना नसेल तर तो इतिहास अर्धा आहे. २०२३ ची चिंचवडची पोटनिवडणूक घ्या. भाजपच्या अश्विनी जगताप राष्ट्रवादीच्या नाना काटे यांच्यापेक्षा ३६ हजारांहून जास्त मतांनी पुढे राहिल्या, आणि अपक्ष राहुल कलाटे यांनी ४४ हजारांच्या वर मतं घेतली. तिसरा रकाना नसेल तर ही एकतर्फी लढत वाटते, रकाना असेल तर कळतं की लीडपेक्षा तिसऱ्याची मतं जास्त होती. ती सगळी कुणाच्या खिशातून गेली हे आकडे सांगत नाहीत, पण प्रश्न तरी विचारायला लावतात.

आता त्या रिकाम्या ओळींकडे येऊ. आयोगाच्या सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात पोटनिवडणूक नसते! मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण कसब्याचा इतिहास पोटनिवडणुकीशिवाय समजतच नाही. नुसते मोठे अहवाल लावत गेलात तर दिसेल की १९९० ला भाजपचे अण्णा जोशी, १९९५ ला भाजपचे गिरीश बापट, मग बापट बापट बापट, म्हणजे सलग भाजप. प्रत्यक्षात काय झालं, अण्णा जोशी १९९१ ला पुण्याचे खासदार झाले, कसब्याची जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणुकीत काँग्रेसचे वसंत थोरात जिंकले, आणि हरले कोण तर गिरीश बापटच. म्हणजे ज्यांनी पुढे पाच वेळा सलग कसबा जिंकला त्यांची विधानसभेची सुरुवात त्याच कसब्यातल्या पराभवाने झाली. बालेकिल्ल्याच्या गोष्टीत हे कुणी सांगत नाही.

म्हणून प्रत्येक दोन निवडणुकांच्या मध्ये विचारायचं, हा आमदार पाच वर्षं आमदारच राहिला का? खासदार झाला का, वारला का, राजीनामा देऊन दुसऱ्या पक्षात गेला का, की कोर्टाने निवडणूक रद्द केली. पुण्याजवळचं दुसरं उदाहरण खडकवासला. २००९ ला मनसेचे रमेश वांजळे जिंकले, २०११ ला त्यांचं निधन झालं आणि पोटनिवडणुकीत भाजपचे भीमराव तापकीर आले, तेव्हापासून तेच. पोटनिवडणूक सोडलीत तर २००९ ची मनसे आणि २०१४ चा भाजप यांच्यामधला सांधाच दिसत नाही.

जागा रिकामी होऊनही कधी पोटनिवडणूक होत नाही, ते का हे पण लिहून ठेवा. लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १५१ क आहे, त्याप्रमाणे सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची असते, पण उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर सूट आहे. २०१९ च्या मे महिन्यात बापट खासदार झाले आणि ऑक्टोबरमध्ये विधानसभाच होती, त्यामुळे तेव्हा कसब्यात पोटनिवडणूक झाली नाही. त्या २०१९ च्या निवडणुकीत कसब्यातून आमदार झालेल्या भाजपच्या मुक्ता टिळक यांचं निधन २२ डिसेंबर २०२२ ला झालं, मुदत भरपूर बाकी होती, म्हणून २६ फेब्रुवारी २०२३ ला मतदान झालं. पुढच्याच महिन्यात २९ मार्चला बापट गेले, आणि पुणे लोकसभेची पोटनिवडणूक मात्र झालीच नाही, मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये घ्या म्हणून सांगितलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली, आणि पुणेकर वर्षभर खासदाराशिवाय राहिले. तुमच्या शीटमध्ये शेरा म्हणून रकाना ठेवा आणि असलं सगळं तिथे दोन ओळींत लिहा, कारण पाच वर्षांनी ते कुणाला आठवत नाही.

पक्षांच्या नावांचा गुंता सोडवायला थोडा वेळ द्यावा लागतो. काँग्रेस म्हणजे प्रत्येक वर्षी एकच काँग्रेस नाही. १९७८ ला रेड्डी काँग्रेस आणि इंदिरा काँग्रेस दोन्ही मैदानात होत्या, १९८० ला इंदिरा काँग्रेस आणि अर्स काँग्रेस, १९८५ ला शरद पवारांची समाजवादी काँग्रेस वेगळी, मग १९९९ पासून राष्ट्रवादी. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्र समितीने पुण्यात काय जोर केला हे घरातल्या जुन्या माणसांना माहीत असतं, पण आयोगाच्या अहवालात समिती हे नाव शोधत बसू नका, तिथे उमेदवार प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप किंवा अपक्ष असे आपापल्या घटक पक्षाखाली दिसतात. भाजप ६ एप्रिल १९८० चा, त्याआधी जनसंघ, आणि मध्ये १९७७ पासून जनता पक्ष. कसब्यात अरविंद लेले १९७८ ला जनता पक्षाचे आणि १९८० ला भाजपचे, माणूस तोच, नाव बदललं. आणि २०२४ ला तर दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी, त्यामुळे नुसतं सेना किंवा राष्ट्रवादी लिहून चालणार नाही, कुठली ते लिहा. माझा सल्ला असा की पक्षाचं नाव त्या वर्षी होतं तेच लिहायचं आणि शेजारी वेगळ्या रकान्यात आघाडी किंवा युती लिहायची. २०१४ ला युती पण तुटली आणि आघाडी पण तुटली, चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढले, ही नोंद नसेल तर २०१४ ची मतं २००९ आणि २०१९ च्या शेजारी ठेवून भलतेच निष्कर्ष निघतात.

टक्केवारी काढताना तीन ठिकाणी सांभाळा. एक म्हणजे मतदानाचं वय, ते २१ वरून १८ वर आलं १९८९ ला, म्हणून १९८५ आणि १९९० मध्ये मतदारसंख्या एकदम फुगलेली दिसते, ती सगळी वस्तीची वाढ नाही. दुसरं म्हणजे कागदी मतपत्रिकांच्या काळात बाद मतं असायची, २००४ पासून सगळीकडे मशीन आल्यावर तो रकाना जवळजवळ संपला, त्यामुळे टक्केवारी वैध मतांवर काढा, झालेल्या मतांवर नाही. तिसरं नोटा, म्हणजे वरीलपैकी कुणीही नाही हा पर्याय, महाराष्ट्र विधानसभेला तो २०१४ पासून आहे, त्याला स्वतंत्र रकाना द्या. डिपॉझिट वाचायला वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं लागतात, आणि त्या हिशोबात नोटा धरत नाहीत. किती जणांचं डिपॉझिट गेलं हा रकाना ठेवलात तर लढत खरंच बहुरंगी होती की नुसती गर्दी होती हे लगेच कळतं.

लीड पण नुसतं हजारांत लिहू नका. २०२३ ला कसब्यात मतदार पावणेतीन लाखांच्या आसपास होते आणि चिंचवडमध्ये साडेपाच लाखांच्या वर, म्हणजे जवळजवळ दुप्पट. दहा हजारांचं लीड या दोन ठिकाणी सारखं नसतं. एकूण वैध मतांच्या किती टक्के लीड, हा रकाना घातलात की मतदारसंघ एकमेकांच्या शेजारी ठेवता येतात.

इथपर्यंत आलात की कसब्याची शीट साधारण अशी दिसते. १९७८ आणि १९८० अरविंद लेले, १९८५ काँग्रेसचे उल्हास काळोखे, १९९० अण्णा जोशी, १९९१ पोटनिवडणूक वसंत थोरात, १९९५ ते २०१४ गिरीश बापट पाच वेळा, २०१९ मुक्ता टिळक, २०२३ पोटनिवडणूक काँग्रेसचे रवींद्र धंगेकर, २०२४ भाजपचे हेमंत रासने. आता हीच यादी विजेत्याच्या नाही तर दुसऱ्या-तिसऱ्याच्या बाजूने वाचा. धंगेकर काही २०२३ ला अचानक उगवले नाहीत. २००९ ला ते मनसेकडून याच कसब्यात लढले, दुसरे आले, आणि तिसऱ्या नंबरचे काँग्रेसचे रोहित टिळक त्यांच्यापेक्षा अगदी थोडे मागे होते. म्हणजे २००९ लाच बापटांच्या विरोधातली मतं दोघांची मिळून बापटांपेक्षा बरीच जास्त होती, ती एका जागी आली नाहीत एवढंच. २०१४ ला परत बापट, रोहित टिळक, धंगेकर असे तिघे होतेच, आणि २०१९ ला मुक्ता टिळक काँग्रेसचे अरविंद शिंदे यांच्यापेक्षा २८ हजारांच्या वर लीडने आल्या. २०२३ ला महाविकास आघाडीचा एकच उमेदवार, मनसेचा उमेदवारच नाही, आणि धंगेकर भाजपच्या हेमंत रासने यांच्या विरोधात जवळपास ११ हजारांनी जिंकले. निकालाच्या दिवशी सगळीकडे धक्कादायक असा शब्द होता, पण ज्याच्याकडे २००९ ची ओळ तिसऱ्या रकान्यासकट भरलेली होती त्याला हे शक्य आहे हे आधी दिसत होतं. आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तेच दोघे समोरासमोर, रासने साधारण १९ हजारांनी पुढे. मध्ये लोकसभा झाली होती, तिथे मुरलीधर मोहोळ यांच्या विरोधात धंगेकरच होते आणि कसब्यातसुद्धा मोहोळ पुढे राहिले होते. लोकसभेचे आकडे विधानसभानिहाय मिळतात, ते पण वेगळ्या शीटमध्ये भरा, दोन विधानसभांच्या मधली हवा त्यात कळते.

ज्यांना आणखी खोलात जायचंय त्यांच्यासाठी फॉर्म २०. मला विचाराल तर खरा इतिहास इथे आहे. मतमोजणीनंतर प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली याचा तक्ता फॉर्म २० मध्ये असतो, राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर अलीकडच्या निवडणुकांचे सापडतात. अनेकदा ते स्कॅन केलेले, वाकडे, पुसट असतात, कॉपी होत नाहीत, हाताने टाइप करावे लागतात, आणि कसब्यात अडीचशेच्या वर बूथ म्हणजे सोपं काम नाही, दोघांनी मिळून करा, एकाने वाचायचं एकाने टाइप करायचं. शेवटी बेरीज तळाच्या बेरजेशी जुळवा आणि टपाली मतं वेगळी असतात ती विसरू नका.

फॉर्म २० चा उपयोग काय, तर लोक जे गृहीत धरतात ते तपासता येतं. कसब्यात नेहमी सांगतात की सदाशिव, नारायण, शनिवार या पश्चिमेकडच्या पेठा भाजपच्या आणि पूर्वेकडच्या पेठांत काँग्रेसला जोर. २०२३ ला भाजपने मुक्ता टिळकांच्या घरात तिकीट दिलं नाही म्हणून पश्चिमेकडे नाराजी होती असंही भरपूर बोललं गेलं. बोललं गेलं म्हणजे झालं असं नाही, आणि झालं नाही असंही नाही. २०१९, २०२३ आणि २०२४ चे फॉर्म २० घ्या, पेठेप्रमाणे बूथ वेगळे करा आणि बघा की तिथे मतदान कमी झालं की मत फिरलं. या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. मतदार घरी बसला तर एका बाजूचं कमी होतं पण दुसऱ्या बाजूचं वाढत नाही, आणि मत फिरलं तर एका बाजूचं कमी होऊन दुसऱ्या बाजूचं तेवढंच वाढतं. पोटनिवडणुकीला कसब्यात ५० टक्क्यांच्या आसपासच मतदान झालं होतं, त्यामुळे कोण आलं नाही हा प्रश्न इथे फार मोठा आहे. शिवाय पेठांतून कोथरूडला, सिंहगड रोडला राहायला गेलेली कितीतरी कुटुंबं आहेत ज्यांची नावं जुन्या वाड्याच्या पत्त्यावर यादीत तशीच असतात, म्हणून मतदान कमी दिसलं की लगेच उदासीनता म्हणून मोकळं होऊ नका. आणि बूथ नंबर दर निवडणुकीला तोच राहत नाही, मतदार वाढले की बूथ फोडतात, कमी झाले की जोडतात, तेव्हा नंबरावरून नाही, शाळेच्या आणि गल्लीच्या नावावरून जुळवा.

आकड्यांनी कोण जिंकलं कळतं, का ते कळत नाही. त्यासाठी जुनी वर्तमानपत्रं. पुण्यात आपण नशीबवान आहोत, केसरी आणि सकाळसारखी दैनिकं इथली, आणि पुणे नगर वाचन मंदिर, पुणे मराठी ग्रंथालय, गोखले इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय अशा जागा गावातच आहेत. जाण्याआधी फोन करून जुने अंक बघायला मिळतील का, फोटो काढू देतात का ते विचारा. पूर्ण महिन्याचे अंक चाळू नका, अर्ज मागे घेण्याच्या दुसऱ्या दिवशीचा, मतदानाच्या दुसऱ्या दिवशीचा आणि निकालानंतरचे दोन दिवस एवढे अंक आधी बघा. अर्ज माघारीच्या बातमीत बंडखोर कोण, कुणी कुणाला पाठिंबा दिला हे सगळं एका जागी सापडतं. वर्तमानपत्रातले मतांचे आकडे मात्र शीटमध्ये घालू नका, ते मोजणी चालू असतानाचे असतात आणि दोन पेपरांत दोन आकडे निघतात, आकडा आयोगाचाच.

मग जुनी माणसं. आजोबा, काका, शेजारचे निवृत्त मास्तर, गणेश मंडळाचे जुने कार्यकर्ते, यांच्याकडे जे असतं ते कुठल्या पीडीएफमध्ये नाही. पण त्यांना कोण जिंकलं ते विचारू नका, ते तुमच्याकडे आहे. सभा कुठे व्हायच्या, पोलिंग एजंट म्हणून कोण बसायचं, कुठल्या गल्लीत कुठल्या पक्षाचं टेबल लागायचं, स्लिपा कोण वाटायचं, हे विचारा. काका, तुम्ही कुठल्या शाळेत मतदानाला जायचात, एवढ्या एका प्रश्नावर माणूस तासभर बोलतो. तारखा ते सरमिसळ सांगतात, १९७८ चं १९८० मध्ये जातं, तेवढं शीटशी पडताळून घ्या. रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा, आणि कुणी कुणाला मत दिलं हे त्यांच्या नावाने कुठेही लिहू नका.

उमेदवारांची माहिती हवी असेल तर शपथपत्रं आहेत, संपत्ती, शिक्षण, दाखल गुन्हे. ही २००३ नंतरच्या निवडणुकांचीच मिळतात, त्याआधी तसा नियमच नव्हता. एकच उमेदवार तीन-चार वेळा लढला असेल तर त्याची सगळी शपथपत्रं ओळीने ठेवून वाचा, खूप कळतं.

लिहायला बसाल तेव्हा एका नकाशाचं एक प्रकरण करा, १९७८ ते २००४ एक, २००९ ते २०२४ दुसरं. बालेकिल्ला, लाट, सुनामी हे शब्द वापरायच्या आधी त्या वर्षाची ओळ एकदा बघा. जिथे पक्ष जिंकला पण मतांची टक्केवारी घटली तिथे तसंच लिहा, जिथे हरला पण वाढला तिथेही.

आणि एक काम मात्र यंदाच उरकून घ्या. जागांची संख्या आणि हद्दी राज्यघटनेप्रमाणे २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेल्या आहेत, त्यानंतर कधीतरी नवी पुनर्रचना येणार आणि शीटमध्ये आणखी एक जाड रेघ मारावी लागणार. आत्ताच्या नकाशावरच्या २००९, २०१४, २०१९, २०२४ अशा चारही निवडणुकांचे आणि मधल्या पोटनिवडणुकीचे फॉर्म २०, त्या त्या वर्षाची मतदान केंद्रांची पत्त्यांसकट यादी आणि मतदार यादीच्या भागांची पहिली पानं डाउनलोड करा, फाइलला वर्ष, मतदारसंघ क्रमांक आणि नाव असं नाव द्या, आणि एक कॉपी पेन ड्राइव्हवर, एक तुमच्यासोबत हे काम करणाऱ्या दुसऱ्या कुणाकडे ठेवा. नवा नकाशा आला की तुमची गल्ली कुठल्या मतदारसंघात गेली आणि आधी तिथे मतदान कसं व्हायचं, हे त्या पत्त्यांवरूनच जुळवता येईल.